उभे राहिल्यावर कोसळणारा रक्तदाब आणि कंपवात: दोष औषधाचा की आजाराचा?

सांजवारा

नमस्कार. माझ्या वडिलांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होऊन सात वर्षे झाली. हाताची थरथर, चालण्यातला संथपणा, बारीक होत गेलेले अक्षर यांची आम्हाला सवय झाली होती. पण गेल्या वर्षभरात त्यांना सर्वाधिक जेरीस आणले ते अशा लक्षणांनी, ज्यांचा कंपाशी वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे भरून येतात, आणि दोनदा ते पडलेही आहेत. प्रत्येक वेळी आम्ही त्यांना बसवून रक्तदाब मोजत होतो आणि तो व्यवस्थित, किंबहुना थोडा जास्तच भरत होता. उभे करून मोजायचे कोणाच्या डोक्यातच आले नाही. अखेर तसे मोजले तेव्हा पाच मिनिटे झोपून राहिल्यावर १४८/८४ आणि नाडी ७०, तर उभे राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०८/६६ आणि नाडी ७६ अशी नोंद झाली.

एका डॉक्टरांनी हा लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवातावरच्या त्यांच्या मुख्य औषधाचा, दुष्परिणाम आहे असे सांगून मात्रा कमी केली. चक्कर जेमतेम कमी झाली, चालणे मात्र पार मंदावले. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे की हा आजाराचाच भाग आहे. या विषयावर नेमके कोणते संशोधन झाले आहे आणि या दोन मतांपैकी कोणत्या बाजूला पुरावा आहे, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती. वडिलांचे उपचार इथे ठरवून घ्यायचे नाहीत. डॉक्टरांपुढे बसल्यावर योग्य प्रश्न विचारता यावेत एवढीच इच्छा आहे.

नाडीपरीक्षा

सांजवारा, तुम्ही नाडीचे आकडे दिलेत हे फार चांगले केलेत. बहुतेक घरांतून फक्त रक्तदाब लिहिला जातो आणि अर्धी माहिती तिथेच हरवते. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे मुळापासून सांगते.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटर रक्त गुरुत्वाकर्षणाने पोटात आणि पायांत उतरते. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांच्या भिंतींत दाब ओळखणारे चेताग्र असतात. ते ही घट लगेच मेंदूच्या देठाला कळवतात आणि तिथून स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या, चेतासंस्थेच्या अनुकंपी, म्हणजे सिंपथेटिक, शाखेला आदेश जातो. या शाखेचे तंतू रक्तवाहिन्यांपाशी नॉरएपिनेफ्रिन हे रसायन सोडतात, वाहिन्या आकसतात, हृदय जलद चालू लागते आणि काही सेकंदांत दाब सावरतो. आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० एककांनी उतरला, तर त्याला उभ्या स्थितीतला न्यूनदाब म्हणायचे ही व्याख्या १९९६ साली तज्ज्ञांच्या सहमतीने ठरली आणि २०११ मध्ये तिचे नूतनीकरण झाले. तुमच्या वडिलांच्या नोंदीत वरचा आकडा ४० ने आणि खालचा १८ ने उतरला आहे, म्हणजे दोन्ही निकष सहज पार झाले आहेत.

आता नाडीकडे पाहा. शरीरात पाणी कमी पडल्यामुळे किंवा रक्तस्रावामुळे दाब उतरला, तर अनुकंपी तंतू शाबूत असल्याने हृदय जिवाच्या आकांताने धावते. नाडी २०–३० ने वाढते. तंतूच नष्ट झालेले असतील तर आदेश पोहोचत नाही आणि दाब इतका पडूनही नाडी जागची फारशी हलत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा फरक एका साध्या भागाकारात बसवला आहे: नाडीतली वाढ भागिले वरच्या दाबातली घट. उत्तर ०.५ पेक्षा कमी आले, तर कारण चेतासंस्थेत असण्याची शक्यता फार मोठी. तुमच्या आकड्यांत ६ भागिले ४०, म्हणजे ०.१५. हा अभ्यास रुग्णाला पाटावर बांधून पाट तिरपा करण्याच्या चाचणीवर आधारलेला होता. शिवाय पेसमेकर, हृदयाचा अनियमित ठोका किंवा नाडी मंद ठेवणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधे चालू असतील तर हा भागाकार फसवा ठरतो, हे ध्यानात ठेवावे. तरीही कॅल्क्युलेटरशिवाय करता येणारी इतकी उपयुक्त चाचणी वैद्यकात क्वचितच सापडते.

तळटीप

नाडीपरीक्षा यांच्या विवेचनाला इतिहासाची जोड देतो, कारण ‘दोष औषधाचा की आजाराचा’ हा वाद संशोधकांमध्येही बरीच वर्षे चालला होता.

लेव्होडोपा वापरात आल्यावर कंपवाताच्या रुग्णांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो हे लक्षात आले आणि दोष साहजिकच औषधाला गेला. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. लेव्होडोपा आणि त्याहून अधिक प्रमाणात डोपामिन ॲगोनिस्ट वर्गातली, म्हणजे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची नक्कल करणारी, औषधे रक्तदाब खाली आणतात. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डेव्हिड गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक वेगळाच पुरावा पुढे आणला. त्यांनी किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले डोपामिन रुग्णांना टोचून हृदयाचे पेट स्कॅन घेतले. हा पदार्थ अनुकंपी तंतूंमध्ये शोषला जातो, म्हणून निरोगी हृदयाची भिंत चित्रात उजळते. ज्या रुग्णांचा पार्किन्सनिझम लेव्होडोपाला दाद देत होता आणि ज्यांची अनुकंपी यंत्रणाही निकामी झाली होती, त्यांच्या चित्रात हृदयाच्या जागी अंधार होता. हृदयात येणारे तंतूच उरलेले नव्हते. पुढच्या अभ्यासांत असे दिसले की हा ऱ्हास लेव्होडोपा कधीही न घेतलेल्या रुग्णांतही आढळतो, आणि ज्यांचा रक्तदाब अजून उतरू लागलेला नाही अशा अनेकांतही.

मेंदूतल्या कृष्णद्रव्य नावाच्या भागातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात म्हणून कंपवात होतो, एवढेच वाक्य आपण पाठ केलेले असते. या चित्रांनी दाखवले की त्याच रुग्णाच्या छातीत, मेंदूपासून हातभर अंतरावर, वेगळ्या रसायनावर चालणाऱ्या चेतापेशीही नष्ट होत असतात. जपानमधील सातोशी ओरिमो यांच्या गटाने शवविच्छेदनातून मिळालेल्या ऊतींवर काम करून असे मांडले की हृदयातल्या तंतूंचा ऱ्हास टोकाकडून सुरू होतो आणि मागे पेशीच्या मूळ शरीराकडे सरकत जातो. मला हा तपशील फार बोलका वाटतो. झाड वाळताना आधी शेंडे सुकावेत तसा.

तेव्हा सांजवारा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: पाया आजार रचतो आणि औषध त्यावर वजन टाकते. ज्याचे तंतू शाबूत आहेत त्याला लेव्होडोपाने आणलेली थोडीशी घट सावरता येते. ज्याचे गेले आहेत त्याला येत नाही. म्हणून मात्रा कमी केल्याने चक्कर थोडीच कमी झाली, यात मला नवल वाटत नाही. रक्तदाबाची, प्रोस्टेटची किंवा नैराश्याची काही औषधे चालू असतील, तर लेव्होडोपाला हात लावण्याआधी त्यांचा फेरविचार व्हायला हवा. लेव्होडोपा हा बहुधा शेवटचा संशयित असावा.

दुर्बीण

दोन शंका आहेत. हा स्कॅन सर्वत्र होतो का? आणि अशीच लक्षणे मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी नावाच्या आजारातही असतात असे वाचले आहे, तर दोहोंतला फरक कसा ओळखतात?

तळटीप

फ्लोरिनयुक्त डोपामिनचे स्कॅन मोजक्या संशोधन केंद्रांपुरते राहिले. त्याऐवजी एमआयबीजी नावाचा पदार्थ किरणोत्सारी आयोडीन जोडून वापरतात. तो नॉरएपिनेफ्रिनसारखा दिसतो आणि त्याच्याच दारातून चेताग्रांत शिरतो. हृदय आणि छातीचा मधला भाग यांतल्या किरणोत्साराचे गुणोत्तर काढले की तंतू किती उरले आहेत याचा अंदाज येतो. जपानमध्ये ही तपासणी विशेष रुळलेली आहे. आंतरराष्ट्रीय पार्किन्सन आणि चलनविकार संघटनेच्या २०१५ च्या निदान-निकषांत, गंध न येणे किंवा एमआयबीजीत हृदयाचे तंतू गेलेले दिसणे, यांपैकी एक बाब कंपवाताच्या बाजूचा आधार म्हणून धरली आहे. मात्र हृदयविकार, मधुमेहाने झालेली चेताहानी आणि नैराश्यावरची काही औषधे या चित्राला बिघडवतात, म्हणून ते एकट्याने निर्णायक मानत नाहीत.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर याच तपासणीत दडलेले आहे. मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीत बिघाड मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत असतो. आदेश देणारेच निकामी होतात, तर हृदयापर्यंतचे अखेरचे तंतू बहुधा टिकून राहतात. कंपवातात अखेरचे तंतूच जातात. म्हणून रक्तदाब दोघांचाही सारखाच कोसळत असला तरी एमआयबीजीत पहिल्याचे हृदय सहसा उजळते आणि दुसऱ्याचे काळे राहते. ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे, कारण दोन्ही बाजूंना अपवाद आहेत. तसेच आजाराच्या पहिल्या पाच वर्षांतच स्वायत्त संस्था गंभीरपणे निकामी झाली, तर वरील निकषांनुसार तो कंपवाताच्या निदानाविरुद्धचा इशारा समजला जातो.

त्वचेच्या तपासणीविषयीही सांगायला हवे. दोन्ही आजारांत आल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन चुकीची घडी पडून साठते, आणि त्वचेतल्या घामग्रंथी व बारीक रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या स्वायत्त तंतूंतही ते सापडते. २०२४ साली जामा या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मान, मांडी आणि पोटरीखालचा भाग अशा तीन ठिकाणांहून त्वचेचे ३ मिलिमीटरचे तुकडे घेतले होते. कंपवाताच्या सुमारे ९३ टक्के रुग्णांत हे प्रथिन आढळले आणि निरोगी व्यक्तींत सुमारे ३ टक्क्यांत. परंतु मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफीतही ते सुमारे ९८ टक्क्यांत आढळले. म्हणजे ‘या घराण्यातला आजार आहे का’ हे त्वचा सांगते. ‘नेमका कोणता’ हे नुसत्या हो-नाही उत्तरावरून कळत नाही.

दुर्बीण

आभारी आहे. मग आजार मेंदूत सुरू होऊन शरीरात उतरतो की शरीरात सुरू होऊन मेंदूत चढतो? आतड्यांत सुरू होतो असे मथळे मी अनेकदा वाचले आहेत.

तळटीप

त्या मथळ्यांविषयी मी जरा सावधपणे लिहितो, कारण या प्रश्नात जितका रस आहे तितकीच घाईही झाली आहे.

जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हायको ब्राक यांनी २००३ साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून अशी पायरीवार मांडणी केली की ल्यूवी बॉडीज या सिन्यूक्लिनच्या गाठी आधी घ्राणकंदात, म्हणजे मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात, आणि व्हेगस चेतेच्या केंद्रकात, म्हणजे मेंदूतल्या तिच्या पेशीसमूहात, दिसतात, कृष्णद्रव्यात त्या नंतर येतात. व्हेगस ही स्वायत्त संस्थेच्या दुसऱ्या, म्हणजे परानुकंपी, शाखेची मुख्य वाहिनी. ती आतड्यांपर्यंत पोहोचते. गंमत अशी की फ्रिट्झ ल्यूवी यांनी १९१२ साली या गाठींचे प्रथम वर्णन केले तेव्हा त्या त्यांना व्हेगसच्याच केंद्रकात दिसल्या होत्या. कृष्णद्रव्याकडे लक्ष १९१९ मध्ये त्रेतियाकॉफ यांनी वेधले. आणि खुद्द जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या आपल्या निबंधात बद्धकोष्ठता आणि लाळ गळणे नोंदवले होते. म्हणजे माहिती समोर होती, तिला महत्त्व द्यायला आपल्याला दोन शतके लागली.

होनोलुलुतील दीर्घकालीन अभ्यासात ६,७९० पुरुषांना शौचाच्या वारंवारतेविषयी विचारून ठेवले होते. दिवसातून एकदाही शौचास न होणाऱ्यांत, रोज एकदा होणाऱ्यांच्या तुलनेत, पुढे कंपवात होण्याचे प्रमाण २.७ पट निघाले. यावर घाबरून जाण्याआधी दुसरा आकडा वाचावा: इतक्या मोठ्या गटात, २४ वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात, कंपवात झालेले एकूण पुरुष ९६ होते. बद्धकोष्ठता असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीही होत नाही.

व्हेगस कापण्याची शस्त्रक्रिया पूर्वी पोटातल्या अल्सरसाठी होत असे. तिचे संपूर्ण खोड कापलेल्यांत बऱ्याच वर्षांनी कंपवाताचे प्रमाण कमी दिसते असे डेन्मार्कच्या २०१५ च्या आणि स्वीडनच्या २०१७ च्या विश्लेषणांत आले. पण डेन्मार्कच्याच नोंदी दुसऱ्या गटाने तपासल्यावर तो संबंध टिकला नाही. उंदरांच्या आतड्याच्या भिंतीत बिघडलेले सिन्यूक्लिन टोचल्यास ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि व्हेगस कापल्यास पोहोचत नाही, हे २०१९ साली दाखवले गेले. वाट अस्तित्वात आहे एवढे यातून सिद्ध होते; माणसाचा आजार त्याच वाटेने जातो हे होत नाही.

मला सर्वांत पटणारी मांडणी डेन्मार्कमधील पेर बोर्गहामर यांच्या गटाची आहे. त्यांच्या मते कंपवाताचे दोन प्रवाह असावेत, एक शरीरात उगम पावणारा आणि दुसरा मेंदूत. झोपेत स्वप्नानुसार हातपाय झाडणे, ओरडणे हा विकार ज्यांना आधीपासून असतो, त्यांच्यात हृदयाचे अनुकंपी तंतू आणि आतड्यांचा चेतापुरवठा आधी खालावलेला दिसतो आणि मेंदूतले डोपामिन नंतर. ज्यांना तो विकार नसतो त्यांच्यात क्रम उलटा. एकाच निदानाखाली दोन वेगळे रुग्ण इतके वेगळे का दिसतात, याचे यातून निदान एक तर्कशुद्ध उत्तर मिळते. अर्थात अशा स्कॅनच्या अभ्यासांतील रुग्णसंख्या लहान असते, आणि शवविच्छेदनाचे सर्वच अभ्यासक ही विभागणी मान्य करत नाहीत.

अधोरेखित

मी आईची देखभाल करते. तिला कंपवात होऊन अकरा वर्षे झाली आहेत. रक्तदाबाचा त्रास तिलाही आहे, पण आमची खरी लढाई रात्री असते. ती रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठते आणि आजवर जितक्या वेळा पडली ती सगळी रात्रीच. दिवसा तितकी लघवी होत नाही. याला मूत्राशयाचा दोष समजून औषध सुरू केले, तेव्हा तिला भ्रम होऊ लागले आणि ते बंद करावे लागले. रक्तदाब आणि लघवी यांचा परस्पर संबंध असतो का?

नाडीपरीक्षा

अधोरेखित ताई, संबंध आहे, आणि या संपूर्ण विषयातला माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित दुवा तोच आहे.

मूत्राशयाचा स्वतःचा दोष असतोच. मेंदूतली कंपवाताने बाधित होणारी केंद्रके मूत्राशयाच्या आकुंचनाला एरवी लगाम घालत असतात. तो लगाम सुटला की थोडी लघवी साठताच घाई होते. यावर दिली जाणारी काही औषधे ॲसिटिलकोलिन हे चेतांचे संदेशवाहक रसायन अडवतात आणि मेंदूत शिरली तर वृद्ध रुग्णांत स्मृती बिघडवतात, भ्रम घडवतात. तुमच्या आईला तसेच झाले असण्याची शक्यता आहे. मिराबेग्रॉनसारखे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध हा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते तेही सोनोग्राफीने पाहून घ्यावे.

पण केवळ रात्रीच अधिक लघवी होते, यामागे दुसरी यंत्रणा असू शकते. ज्यांचा रक्तदाब उभे राहिल्यावर पडतो, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा आडवे झाल्यावर वाढतो. सावरणारी यंत्रणाच नसल्यामुळे दाब दोन्ही दिशांना भरकटतो. रात्रभर दाब चढलेला राहिला की मूत्रपिंडे मीठ आणि पाणी बाहेर टाकत राहतात. त्यामुळे लघवी वाढते, पहाटेपर्यंत शरीरातले पाणी घटते, आणि नेमक्या त्याच अवस्थेत रुग्ण अंधारात उठून उभा राहतो. सकाळी सर्वांत जास्त चक्कर का येते याचेही स्पष्टीकरण यातच आहे. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंचावून झोपण्याचा सल्ला दिला जातो. नुसत्या दोन उशा घेतल्याने मान वाकते, धड उंचावत नाही. दिवसा सपाट आडवे पडणेही टाळावे, विश्रांती आरामखुर्चीत घ्यावी.

औषधांपैकी मिडोड्रीन रक्तवाहिन्या आकसवते; त्याची शेवटची मात्रा झोपण्याच्या किमान चार तास आधी घेतात, नाहीतर रात्रीचा दाब आणखी चढतो. ड्रॉक्सिडोपाचे शरीरात नॉरएपिनेफ्रिन होते, म्हणजे जे संपले आहे तेच भरून काढण्याचा तो प्रयत्न आहे. जपानमध्ये ते १९८९ पासून आहे. अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळाली, पण दोन आठवड्यांपलीकडे परिणाम टिकतो हे सिद्ध झालेले नाही अशी नोंद त्याच्या माहितीपत्रकातच आहे. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, म्हणून हृदय अशक्त असल्यास धोक्याचे. यांपैकी एकही औषध गेलेले तंतू परत आणत नाही.

याउलट सुमारे अर्धा लिटर साधे पाणी काही मिनिटांत पिण्याने अशा रुग्णांचा दाब लक्षणीय चढतो, हे २००० सालापासून ठाऊक आहे. उठण्याआधी घेतलेले पाणी आणि पोटाभोवतीचा आवळ पट्टा यांना कमी लेखू नये. उतरलेल्या रक्ताचा मोठा वाटा पोटातच साठतो, त्यामुळे गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा पट्टा अधिक कामाचा. पट्टा झोपताना काढायचा, आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आधी विचारून घ्यायचे.

अधोरेखित

पलंग उंचावण्याविषयी आजवर कोणीही सांगितले नव्हते. रात्रीचा आणि सकाळचा दाब आजपासून लिहून ठेवते. मनापासून आभार.

सांजवारा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. मधल्या काळात वडिलांची पुन्हा तपासणी झाली. प्रोस्टेटसाठी चालू असलेली गोळी रक्तदाब उतरवणाऱ्या गटातली निघाली. डॉक्टरांनी ती बदलली आणि लेव्होडोपाची मात्रा पूर्ववत केली. उभे राहिल्यावरची घट आता २० ते २५ च्या दरम्यान आहे आणि चालणे बरेच सुधारले आहे. घट पूर्णपणे गेलेली नाही, आणि वर वाचलेल्या माहितीनंतर ती जाईल अशी अपेक्षाही मी ठेवलेली नाही.

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. दुपारच्या जेवणानंतर घेतलेली लेव्होडोपाची गोळी काही दिवस लागूच पडत नाही, आणि नेमकी त्याच वेळी चक्करही जास्त येते.

नाडीपरीक्षा

ही दोन वेगळी कारणे एकाच वेळी भेटत आहेत. लेव्होडोपा जठरात शोषले जात नाही; लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचल्यावरच ते रक्तात जाते. कंपवातात जठर रिकामे व्हायला उशीर लागतो, त्यामुळे गोळी तिथेच अडकून पडते. शिवाय जेवणातल्या प्रथिनांपासून होणारी अमिनो आम्ले लेव्होडोपाच्याच वाहकावर बसून जातात आणि त्याला जागा उरत नाही. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात. बद्धकोष्ठतेकडेही पाहा, मोठे आतडे मंद असणे आणि शौचाच्या वेळी सैल व्हायला हवा तो स्नायू सैल न होणे, हे दोन्ही दोष या आजारात आढळतात. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड मात्र कोणी देऊ केल्यास कंपवात असल्याचे आवर्जून सांगा, कारण ते मेंदूतले डोपामिन अडवते.

चक्कर येण्याचे कारण निराळे आहे. जेवणानंतर आतड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो. निरोगी माणसात बाकीच्या वाहिन्या आकसून त्याची भरपाई करतात, तुमच्या वडिलांत करत नाहीत. एकदाच भरपेट जेवण्याऐवजी थोडेथोडे अधिक वेळा जेवल्याने ही घट सौम्य होते. पुढच्या भेटीआधी सलग चार-पाच दिवस उठल्याबरोबर, जेवणानंतर तासाभराने आणि झोपण्यापूर्वी अशा तीन वेळी आडवे होऊन व उभे राहून दाब आणि नाडी लिहा, आणि गोळ्यांच्या वेळा त्याच पानावर शेजारी मांडा.